भिंगाची टोपी आणि नावाची किंमत

कामगार चळवळीत ज्याने हयात घालविली त्याने वसंत व्याख्यानमालेत कॅमेऱ्याच्या भिंगांविषयी बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले. चालकांनी आमच्याकडून बोनसचा कायदा किंवा कंत्राटी पद्धत असा एखादा विषय अपेक्षिला होता. ते विषय कोठे पळून जात नाहीत. पण गेली कित्येक वर्षे बुवापाड्यात, आणि नुसत्या बुवापाड्यातच नव्हे तर उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत, एक गोष्ट आम्ही पाहत आलो आहोत. बाप कारखान्यात लेथवर किंवा पॅकिंगला होता. कारखाना बंद पडला, किंवा बाप निवृत्त झाला. मुलाने हप्त्यावर कॅमेरा घेतला आणि तो लग्ने, बारशी, साखरपुडे यांचे फोटो काढू लागला. हा मुलगा आमच्या मते कामगारच आहे. त्याला हजेरीपट नाही, फंड नाही, आणि हत्यार मात्र स्वतःचे, तेही कर्जाचे. त्या हत्याराला लागणारे फुटकळ सामान त्याने नामांकित कंपनीचे घ्यावे की स्वस्तातले घ्यावे, हा प्रश्न म्हणूनच आम्ही मजुरीचा प्रश्न समजतो.

हे सामान म्हणजे काय, ते ज्यांनी मोठा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंग, म्हणजे दुकानातली लेन्स, ही एक नळी असते व तिच्यात काचांचे अनेक तुकडे एकामागे एक बसविलेले असतात. नळीच्या तोंडावर झाकण घालतात, ती टोपी. बाजूचा उजेड आत येऊ नये म्हणून पुढे काळा गळपट्टा लावतात, तो हूड. तोंडावर आट्यांनी बसणारी सपाट काच म्हणजे फिल्टर. एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसविण्यासाठी मध्ये जी कडी घालतात तिला अॅडाप्टर म्हणतात. यांपैकी प्रत्येक वस्तू मूळ कंपनी विकते आणि तीच वस्तू परके कारखानदारही विकतात. किमतीत फरक कित्येकदा पाचपट, दहापट असतो.

दोन वर्षांपूर्वी, तुळशीचे लग्न होऊन मोसम सुरू झाल्यावर, असाच एक मुलगा रात्री आमच्याकडे आला. एका लग्नाचे अर्धे पैसे वधूपित्याने अडवून धरले होते. फोटो पाहिले तर स्टेजवरच्या प्रत्येक दिव्याचा एक फिकट हिरवट जोडीदार समोरच्या कोपऱ्यात उमटलेला, आणि त्यांतले दोन नेमके मुलीच्या तोंडावर. "काका, कॅमेरा बिघडला का हो?" असे त्याने विचारले. आम्हांला काय ठाऊक! आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पण कायदे इंग्रजीत असतात, म्हणून शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजी वाचण्याची सवय युनियनने आम्हांला लावली आहे. कॅमेऱ्याची पुस्तिका त्याच पद्धतीने वाचली. मग एका शनिवारी त्या मुलाला घेऊन मुंबईत बोराबाजारला गेलो. तेथे कॅमेऱ्यांची दुरुस्ती करणारे आणि जुना माल विकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ बसून जे समजले, त्याला आमच्या कारखान्यातल्या अनुभवाची जोड दिली. त्यातून हे व्याख्यान झाले.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. 'असली' आणि 'लोकल' असे दोनच प्रकार आहेत असे लोक धरून चालतात. प्रकार तीन आहेत. पहिला मूळ कंपनीचा माल. दुसरा परक्या कारखानदाराचा, पण स्वतःच्या नावाने विकलेला माल. तिसरा परक्याने करून त्यावर मूळ कंपनीचे नाव छापलेला माल. दुसरा प्रकार हा सरळ व्यापार आहे. तिसरा ही चोरी आहे, आणि १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे तिला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आपल्या शेजारच्या उल्हासनगरवर या बाबतीत एक जुना विनोद आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आम्हीही तो पुष्कळदा केला आहे, आणि करताना थोडी लाजही वाटली आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर जे लोक रिकाम्या हातांनी येऊन पडले, आणि ज्यांच्या वसाहतीची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसली, त्यांनी पापड-लोणच्यापासून जीनच्या पँटीपर्यंत सर्व करून दाखविले. तेव्हा परका माल म्हणजे नकली माल, असे सरसकट म्हणणे हा त्या कष्टांचा अपमान होतो. ज्याने स्वतःचे नाव घातले तो निदान उत्तर द्यायला तयार आहे. दुसऱ्याचे नाव घातले त्याला उत्तर द्यायचेच नाही. स्वस्त वस्तू जरूर घ्यावी. पण नामांकित नावाची वस्तू अशक्य इतकी स्वस्त मिळाली तर ती घेऊ नये. तिथे आपण दोन्हीकडून बुडतो.

आता नावाची किंमत म्हणजे नेमकी कशाची किंमत? यावर पुस्तकांपेक्षा कारखान्याच्या फाटकाशी आम्ही जास्त शिकलो. प्लास्टिकचे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात वाटाघाटींसाठी आमचे जाणे-येणे होते. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे एकाच साच्यातून पडणारी बुचे दोन पेट्यांत जात. दाणा तोच, यंत्र तेच, पाळीही तीच. एका पेटीपाशी एक मुलगी हातात गेज घेऊन बसलेली असे. प्रत्येक बूच गेजवर घालून पाहायचे, सैल वा घट्ट लागले तर बाजूला फेकायचे. दुसऱ्या पेटीपाशी कोणीच नसे. फेकलेला मालही संध्याकाळी त्याच दुसऱ्या पेटीत जाई. पहिल्या पेटीवर एक मोठे नाव छापले जाई आणि ती कितीतरी महाग विकली जाई. म्हणजे फरक साच्यात नव्हता, त्या गेजवालीत होता. आणि तिला रोज मिळत असे तो दुसऱ्या बाजूच्या मुलींइतकाच! वरची किंमत कोठे जात होती हा आमच्या युनियनचा प्रश्न होता. त्याचे पुढे काय झाले ते येथे सांगत बसत नाही.

पण गिऱ्हाईक या नात्याने आम्ही त्या दिवसापासून एकच प्रश्न विचारायला शिकलो. ही वस्तू तपासायला गेजवाली बसली नसती तर माझे काय बिघडेल? आणि तिचे काम मला दुकानात उभ्या उभ्या स्वतः करता येईल का?

टोपी घ्या. तिचे काम मला करता येते. भिंगाच्या तोंडावर शून्यातून तिरकी रेघ काढलेले चिन्ह असते व त्यापुढे ५२, ५८, ६७, ७७ असा आकडा असतो. तो तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याच आकड्याची टोपी घ्यावी, बसवून उलटी धरावी, हलवावी. पडली नाही तर झाले. हिच्यावर नाव कोणाचे आहे याची किंमत द्यायची म्हणजे छत्रीच्या दांड्यावर मालकाचे नाव कोरण्यासाठी छत्रीइतके पैसे देणे आहे.

हूडचेही बहुतेक तसेच. त्यात काच नाही, वीज नाही. कॅननसारखी कंपनी आपल्या लाल पट्टीच्या महाग भिंगांबरोबर तो देते आणि साध्या भिंगांना बहुधा वेगळा विकत घ्यायला लावते. म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याच्यावर जादा बोजा! येथे परक्याचा माल बिनदिक्कत घ्यावा. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. तो खाचेत बसताना टक् असा आवाज होऊन अडकला पाहिजे. आतली बाजू चमकता कामा नये, कारण चमकली तर उजेड अडविण्याऐवजी तोच उजेड आत लोटील. चमकलीच तर काळा मखमली कागद चिकटविता येतो. तिसरे, तो त्याच भिंगाच्या मापाचा पाहिजे. रुंद दृश्य घेणाऱ्या भिंगावर लांबचा हूड लावला की फोटोचे चारी कोपरे काळे पडतात. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो दुकानातच काढला की कळते. हूडचा आणखी एक उपयोग पुस्तकात कमी आणि मांडवात जास्त दिसतो. गर्दीत धक्का लागला तर आधी हूड मोडतो, भिंग वाचते. मोडण्यासाठीच असलेली वस्तू स्वस्त असलेली बरी.

आता फिल्टर. त्या मुलाचे पैसे बुडाले ते याच्यापायी, म्हणून येथे थोडे थांबतो.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून, त्यावर पडणाऱ्या उजेडाचा सुमारे शंभरातला चौथा हिस्सा परत फिरतो. शंभरातला चौथा म्हणजे पाव नव्हे, शंभरांतले चार! फिल्टरला पृष्ठे दोन, म्हणून शंभर किरणांतले आठ वाया गेले. वाया गेले असते तरी हरकत नव्हती. ते भलतीकडे जातात. स्टेजवरचा प्रखर दिवा भिंगातून आत जाऊन सेन्सरवर, म्हणजे जुन्या फिल्मच्या जागी आलेल्या चकतीवर पडतो. ती चकती गुळगुळीत असल्याने थोडा उजेड उलट बाहेर येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत जातो. त्यामुळे दिव्याचे दुसरे चित्र मध्यबिंदूच्या पलीकडे, समोरच्या बाजूला उमटते. हेच ते हिरवट जोडीदार. चांगल्या फिल्टरवर अतिशय पातळ लेपांचे अनेक थर दिलेले असतात. त्यांच्यामुळे परत फिरणारा उजेड दर पृष्ठाला शंभरात अर्ध्याहूनही खाली येतो. किंमत आहे ती या लेपांची, आणि ते सर्वत्र सारखे बसले आहेत की नाही हे पाहणाऱ्याची.

तरीही तपासणी आपल्या हाती आहे. दुकानात वर ट्यूबलाइट असतेच. फिल्टर तिच्याखाली तिरपा धरावा आणि काचेत ट्यूबचे प्रतिबिंब पाहावे. ते आरशासारखे पांढरेफेक दिसले तर लेप नाही, खोक्यावर काहीही छापलेले असो. मंद, हिरवट किंवा जांभळट दिसले तर लेप आहे. आम्ही त्या मुलाचा फिल्टर असा धरला तेव्हा त्यात पांढऱ्या दोन ट्यूब लखलखत होत्या. तो कोणत्या दुकानातून घेतला ते त्याने आम्हांला सांगितले, आम्ही तुम्हांला सांगत नाही. दुकानदारालाही कदाचित ठाऊक नसेल.

पण याहून मूळचा प्रश्न असा की त्याला तो फिल्टर हवाच कशाला होता? त्याला 'यूव्ही' म्हणतात. फिल्मच्या काळात अतिनील किरणांनी लांबचे डोंगर धूसर येत, म्हणून तो लावीत. आताच्या सेन्सरपुढे ते किरण अडविणारी काच कंपनीनेच बसविलेली असते. राहिला तो संरक्षणाचा मुद्दा. हळदीचा कार्यक्रम असेल, विसर्जनाचा गुलाल असेल, दहीहंडीचे पाणी असेल, तर जरूर लावावा. भिंगापेक्षा फिल्टर पुसणे सोपे, आणि काही भिंगांच्या बाबतीत पुढे फिल्टर लावल्याशिवाय पाणी-धुळीचा बंदोबस्त पुरा होत नाही, असे कंपनी स्वतः सांगते. पण रात्री, दिव्यांच्या माळांसमोर, तो काढून खिशात ठेवावा. एवढे त्याला कोणी सांगितले असते तर स्वस्त फिल्टरनेही त्याचे लग्न निभावले असते.

दुसरा उपयोगी फिल्टर म्हणजे पोलरायझर. पाण्यावरची, पानांवरची, ओल्या दगडावरची चमक तो कापतो. आपले शिवमंदिर पावसाळ्यात पाहा. शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे ते काळ्या पाषाणातले कोरीवकाम भिजले की आकाशाच्या चमकेने मूर्तींचे चेहरेच हरवतात. पोलरायझर फिरविला की ते पुन्हा दिसू लागतात. समईवरची चमक मात्र जात नाही, कारण ती धातूची. याचीही परीक्षा सोपी आहे. मोबाइलचा पडदा पांढरा करून फिल्टर त्यासमोर धरावा, कॅमेऱ्याकडची बाजू आपल्या डोळ्याकडे ठेवावी आणि हळूहळू फिरवावा. चांगला असेल तर पडदा जवळजवळ काळा होतो, हलका असेल तर नुसता निळा-जांभळा होऊन राहतो. या वस्तूवर आम्ही पैसे खर्चायला सांगू. मग ते मोठ्या कॅमेरा कंपनीलाच द्यावेत असे नाही. फिल्टरच करणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांचा माल पुष्कळदा तिच्याहून सरस असतो.

बचतीची एक युक्ती बोराबाजारातल्या एका वृद्ध कारागिराने सांगितली. तीन भिंगांना तीन फिल्टर घेऊ नयेत. सर्वांत मोठ्या तोंडाच्या भिंगाला एक उत्तम फिल्टर घ्यावा आणि लहान तोंडांसाठी मध्ये घालायच्या साध्या कड्या घ्याव्यात. कडी स्वस्तातली चालते. फक्त ती पितळेची मिळाली तर बरी, कारण अॅल्युमिनियमचे आटे एकमेकांत धरून बसतात. बसलेच तर कडीभोवती रुंद रबर गुंडाळून हलक्या हाताने फिरवावे. जोराने आवळू नये, त्याने कडी लंबगोल होते आणि मग ती कधीच निघत नाही.

अॅडाप्टरकडे आलो की बुवापाड्यातल्या जुन्या फिटर मंडळींचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. आयुध निर्माणी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, एके काळची विमको अशा कारखान्यांमुळे अंबरनाथला मापाची किंमत सांगावी लागत नाही. भिंग कॅमेऱ्यावर जेथे टेकते तेथून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक कंपनीने कायमचे ठरविलेले असते. कॅननच्या जुन्या ईएफ पद्धतीत ४४ मिलिमीटर, निकॉनच्या एफ पद्धतीत साडेशेहेचाळीस, कॅननच्या नव्या आरएफमध्ये २०. म्हणून निकॉनचे भिंग कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यावर लावायचे तर कडी बरोबर अडीच मिलिमीटर जाडीची हवी. ईएफचे भिंग आरएफवर लावायचे तर २४ ची नळी हवी.

आता समजा ती कडी एकदशांश मिलिमीटर जाड झाली. एका जाड केसाएवढा फरक! हाताने फिरविण्याच्या जुन्या भिंगात याचा परिणाम हिशेबाने काढता येतो. नाभीय अंतराचा वर्ग करून चुकीच्या मापाने भागावे. २० मिलिमीटरच्या भिंगाला ४०० भागिले ०.१, म्हणजे ४००० मिलिमीटर, चार मीटर. चार मीटरच्या पलीकडचे काहीही त्या भिंगातून स्पष्ट येणार नाही! मांडवाच्या दाराशी उभे राहून स्टेज घेणाऱ्याची कथा संपलीच. तोच हिशेब ५० मिलिमीटरला पंचवीस मीटर येतो, तेथे चूक लपून जाते. ही अडचण ओळखून स्वस्त कारखानदार कडी मुद्दाम किंचित पातळ करतात. मग लांबचे स्पष्ट येते, पण भिंगावर कोरलेले अंतराचे आकडे खोटे पडतात. ते चालेल. पण कडी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर फोटोचा एक काठ सदा धूसर राहतो, आणि त्यावर इलाज नाही. ज्याच्याकडे मायक्रोमीटर आहे त्याने कडी चार ठिकाणी मोजावी आणि स्वस्तातली घ्यावी. ज्याच्याकडे नाही त्याने गेजवालीचे पैसे द्यावेत.

वीज आली की मात्र मायक्रोमीटरही कामाचा नाही. कॅननने १९८७ साली ईएफ पद्धत आणली तेव्हापासून त्या भिंगातले उजेडाचे छिद्र लहानमोठे करण्याचा हुकूम तारेतून, सोनेरी ठिपक्यांवाटे जातो. बिनठिपक्यांची पोकळ नळी लावली तर हुकूम पोहोचत नाही आणि छिद्र सताड उघडे राहते. ठिपक्यांची नळी लावली तर आतली भाषा त्या कारखानदाराने अंदाजाने शिकलेली असते. आज चालते, उद्या कंपनीने नवा कॅमेरा काढला की भाषा थोडी बदलते. सिग्मा ही जपानची मोठी, प्रामाणिक भिंग-कंपनी आहे. तिचीही काही जुनी भिंगे कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांवर चालेनाशी झाली होती. मग लहान कारखानदाराची काय कथा? आरएफ पद्धत २०१८ मध्ये आली. विल्ट्रॉक्स या चिनी कंपनीने तिला लागणारी स्वतःच फोकस करणारी भिंगे काढली, आणि २०२२ मध्ये कॅननच्या सांगण्यावरून तिला ती बंद करावी लागली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी कॅननच्या परवान्याने अशी काही भिंगे जाहीर केली. सोनीने आपल्या ई पद्धतीची मूळ माहिती २०११ मध्येच इतरांना देऊ केली होती. त्या पद्धतीला परक्या भिंगांची निवड आज इतकी मोठी का, याचे एक कारण त्यात आहे. कॅमेरा घेतानाच हे पाहावे, नंतर पाहून उपयोग नसतो. त्या दाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

दुकानदार एक धाक घालतात: परके सामान लावले तर गॅरंटी गेली. मोटारींच्या सुट्या भागांबाबत हाच वाद आपल्या देशात झाला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्यावरून सरसकट गॅरंटी रद्द करता येणार नाही, असेही त्या निकालात सांगितले. दंडाविरुद्ध अपिले झाली, आणि निकाल मोटारींपुरता होता, हे खरे. अमेरिकेत १९७५ पासूनच्या कायद्याने अशी अट एरवी घालताच येत नाही. पण स्वस्त अॅडाप्टरने कॅमेऱ्याचे ठिपके जाळले तर कोणताही कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, हेही ओळखून असावे. बाहेरून आलेला माल घेताना खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत छापलेली आहे का ते पाहावे. २०११ च्या वेष्टित मालाच्या नियमांनी ती सक्तीची आहे. बिल मागावे. बिल न देणाऱ्याने दहा टक्के कमी केले म्हणून हुरळून जाऊ नये. तक्रारीसाठी ग्राहकांना १९१५ हा क्रमांक आहे, पण बिलावाचून तेथे काय सांगणार?

त्या मुलाने पुढे काय केले ते सांगून थांबतो. दोन हूड आणि सगळ्या टोप्या त्याने परक्या घेतल्या, एक हूड पहिल्याच महिन्यात वराच्या मामाने बसून मोडला. पितळेच्या दोन कड्या आणि जुन्या बाजारातला एक चांगला पोलरायझर घेतला. विकणाऱ्यासमोर मोबाइलवर तपासून घेतला. आरएफचा अॅडाप्टर मात्र कॅननचाच, तीन महिने पैसे साठवून घेतला. तो पांढरा फिल्टर त्याने फेकला नाही. हळदीला लावतो आणि रात्री काढतो. त्या लग्नाचे राहिलेले पैसे त्याला आजतागायत मिळालेले नाहीत.